मधुर फ्रान्स आणि आमचा डफ

2018 सालच्या सप्टेंबरमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक गाणं पाठवलं. हा मुलगा आमच्या उर्दू शाळेतून दहावी झाला, पुढे पुण्याला शिकायला गेला आणि तिथे गिटारच्या नादाला लागला. त्यावरून त्याच्या अब्बांनी माझ्याकडे दोनदा तक्रारही केली आहे, जणू गिटार त्याच्या हातात मीच दिली. गाण्याखाली त्याने लिहिलं होतं, ‘टीचर, ये गानेवाला परसों गुजर गया. अपने में का है. सुनो जरूर.’

रात्रीची भांडी आवरून झाल्यावर मी ते ऐकलं. भाषा फ्रेंच, त्यामुळे एक शब्दही कळला नाही. पण काहीतरी ओळखीचं वाटत होतं. गिटार आणि ड्रमच्या सोबतीने अरबी वळणाची सुरावट चालली होती, आणि गाणारा लाडाने गातोय की चेष्टेने, हेच समजेना. मी त्याला लिहिलं, ‘छान आहे. अर्थ काय?’ त्याचं उत्तर आलं, ‘समझो टीचर, ये उनका गर्जा महाराष्ट्र माझा है.’

ते वाचलं आणि मी मोबाईल पालथा घालून ठेवला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘गर्जा महाराष्ट्र माझा’वरून माझ्या हातून एक गोष्ट घडली होती. ती त्या मुलाला अर्धीच ठाऊक होती. उरलेली अर्धी मी आज इथे लिहिणार आहे. पण आधी त्या फ्रेंच गाण्याची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच मला माझी गोष्ट नीट कळली.

गाण्याचं नाव ‘दूस फ्रांस’, म्हणजे मधुर फ्रान्स. शार्ल त्रेने या गीतकार-गायकाने ते 1943 मध्ये लिहिलं, चाल बांधण्यात लेओ शोलियाक यांचा वाटा होता. 1943 चा फ्रान्स म्हणजे जर्मन फौजांच्या टाचेखालचा फ्रान्स. लाखो फ्रेंच सैनिक जर्मनीत युद्धकैदी होऊन पडलेले. अशा वेळी त्रेने यांनी लढाईचं गाणं लिहिलं नाही. आपलं लहानपण, आपली शाळा, चर्चचा मनोरा असलेलं आपलं गाव यांची आठवण काढणारं गाणं लिहिलं. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात आजोळावरच्या कविता असतात ना, साधारण त्या जातीचं. देश परक्याच्या ताब्यात असताना त्या साध्या आठवणीलाही वजन आलं. युद्ध संपलं, पण गाणं राहिलं. पुढच्या पिढ्यांच्या ते तोंडात बसलं.

‘मधुर फ्रान्स’ हे शब्दसुद्धा त्रेने यांचे नव्हेत. अकराव्या शतकाच्या अखेरीस रचलेलं ‘रोलांचं गीत’ हे जुन्या फ्रेंच भाषेतलं वीरकाव्य आहे. त्यात हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. सम्राट शार्लमेनचा सरदार रोलां डोंगरखिंडीत मुसलमान फौजेशी लढताना मरतो, ही त्या काव्याची कथा. इतिहासात 778 साली त्या खिंडीत शार्लमेनच्या सैन्यावर हल्ला केला होता तो डोंगरातल्या बास्क लोकांनी. तीनशे वर्षांनी काव्य रचलं गेलं तेव्हा मारणारे बदलून मुसलमान झाले. हे मी वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि मग आलं नाही. कोणत्या खिंडीत कोण होतं, यावरून आपल्याकडेही कमी शाई खर्च झालेली नाही.

आता गाणारा. रशीद ताहा यांचा जन्म 1958 सालचा, अल्जेरियात ओरान शहराजवळच्या सिग गावातला. अल्जेरिया ही फ्रान्सची वसाहत होती. जवळपास आठ वर्षं युद्ध करून ती 1962 मध्ये स्वतंत्र झाली. आणि ज्या देशाशी लढलो, त्याच देशात पोट भरायला जायची वेळ हजारो अल्जेरियन माणसांवर आली. ताहा दहा वर्षांचे असताना त्यांचं कुटुंब फ्रान्सला गेलं. वडील कापड गिरणीत कामगार. माझे अब्बाही आयुष्यभर पॉवरलूमवर उभे राहिले, त्यामुळे तो मजकूर वाचताना मला मागाचा खडखडाट ऐकू आला. मोठे झाल्यावर ताहा ल्यों शहराच्या परिसरात एका कारखान्यात कामाला लागले. तिथे त्यांना मोख्तार आणि मोहम्मद अमिनी हे भाऊ भेटले. दिवसा कारखाना, रात्री संगीत. 1980 च्या सुमारास या मंडळींनी एक रॉक बँड काढला आणि त्याला नाव दिलं ‘कार्त द सेजूर’.

या नावाचा अर्थ मी कोशात पाहिला. कार्त द सेजूर म्हणजे परदेशी माणसाला फ्रान्समध्ये राहण्यासाठी मिळणारा सरकारी परवाना. पोलीस रस्त्यात अडवून पहिल्यांदा मागतात तो कागद. जो कागद सतत खिशात बाळगावा लागतो, त्याचंच नाव या पोरांनी आपल्या बँडला दिलं. म्हणजे पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असणार, आज रात्री आठ वाजता, परवाना.

ते दिवस तसेच होते. ल्योंच्या बाहेर कामगारांच्या उंच इमारतींच्या वस्त्या. तिथल्या अरब पोरांचे आणि पोलिसांचे रोज खटके उडत. 1983 मध्ये मँगेत या वस्तीत तुमी जैजा नावाचा तरुण पोलिसाच्या गोळीने जखमी झाला. इस्पितळातून उठल्यावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दगड उचलले नाहीत. समतेसाठी आणि वंशद्वेषाच्या विरोधात पायी मोर्चा काढायचं ठरवलं. 15 ऑक्टोबर 1983 ला मार्सेयहून मूठभर माणसं निघाली. 3 डिसेंबरला पॅरिसला पोचेपर्यंत त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली होती. राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ यांनी त्यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं आणि दहा वर्षांच्या राहण्याच्या परवान्याचं आश्वासन दिलं. पुढच्या वर्षी तसा कायदा झाला.

पण वारं फिरलं. मार्च 1986 च्या निवडणुकीत उजव्या पक्षांचं सरकार आलं, आणि स्थलांतरितांच्या विरोधावर उभ्या असलेल्या नॅशनल फ्रंटचे 35 खासदार निवडून आले. नव्या सरकारने नागरिकत्वाच्या कायद्यात बदल करायचं ठरवलं. तोवर परदेशी आईबापांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेलं मूल अठराव्या वर्षी आपोआप फ्रेंच होत असे. आता त्याने तसं मागावं, म्हणजे आपली इच्छा सिद्ध करावी, असा तो प्रस्ताव होता. तिथेच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकलेल्या मुलाला विचारायचं, तुला खरंच आमच्यातला व्हायचंय का?

त्याच वर्षी कार्त द सेजूरने ‘दूस फ्रांस’ गायलं. शब्द त्रेने यांचेच. नवं कडवं नाही, घोषणा नाही, कोणाला शिवी नाही. मधुर फ्रान्स, माझं लहानपण, माझी शाळा, माझं गाव, सगळं जसंच्या तसं. बदलली ती वाद्यं आणि तोंड. ताहा यांनी उच्चारात मुद्दाम अरबी लहजा ठेवला. ज्या लहजाला शाळेत हसत असत, तोच लहजा घेऊन ते देशाच्या लाडक्या गाण्यात शिरले.

आणि तेवढ्याने लोक अस्वस्थ झाले. काही रेडिओ केंद्रांनी गाणं वाजवायला नकार दिला, असं ताहा सांगत असत. दुसरीकडे, माजी सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी त्या गाण्याच्या तबकड्या संसदेत खासदारांना वाटल्या. नागरिकत्वाचा तो प्रस्ताव त्या वेळी बारगळला. तो गाण्यामुळे बारगळला असं मी म्हणणार नाही. त्या डिसेंबरात विद्यार्थ्यांची मोठी आंदोलनं झाली, मलिक उसकिन हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला, आणि सरकारला मागे हटावं लागलं. 1993 मध्ये मात्र तसा कायदा आलाच, आणि 1998 मध्ये तो पुन्हा फिरवला गेला. गाण्याने कायदे थांबत नाहीत. मग गाण्याने काय होतं?

हे मला माझ्याच शाळेतल्या एका गोष्टीतून कळलं, आणि ती गोष्ट माझ्या बाजूने चांगली नाही.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूही शिकवते. घरी आम्ही दखनी बोलतो. तिच्यात ‘नक्को’ आहे, ‘वहीच’मधला ‘च’ आहे, ते दोन्ही मराठीने दिलेले. लखनौच्या माणसाला आमची उर्दू ऐकून गंमत वाटते आणि पुण्याच्या माणसाला आमची मराठी. आमच्या मुलांना ‘ळ’ जड जातो. ‘काळा’चं ‘काला’ होतं, ‘शाळा’ची ‘शाला’ होते. बी.एड.ला शिकताना एका पाठानंतर निरीक्षक मला म्हणाले होते, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता, वाटतच नाही!’ काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे वाक्य माझ्या वाचकांपैकी कित्येकांनी ऐकलं असेल. मी ते वाक्य बक्षिसासारखं घरी नेलं. आणि खरं सांगायचं तर पुढची वीस वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच बक्षीस मिळावं म्हणून शिकवत राहिले.

जानेवारी 2018 मध्ये तालुक्याच्या ठिकाणी समूहगीत स्पर्धा होती. नववीच्या मुलांनी स्वतःच ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ निवडलं. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. तेव्हा ते राज्यगीत झालेलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या कानावरचं होतं. पुण्याचा तो गिटारवाला सुट्टीला आला होता. त्याने मुलांना हाताशी घेतलं आणि चार दिवसांत गाणं असं बसवलं की मीच थक्क झाले. सुरुवातीला नुसती गिटार, मग आठ मुलांच्या टाळ्या, आणि गाणं चढलं की डफ. डफ वाजवणारा मुलगा अभ्यासात यथातथाच. त्याचे दादा उरुसात डफ वाजवायचे, त्यांचाच तो जुना, जड डफ. वर्गात मान खाली घालून बसणारा तो मुलगा डफ हातात आला की ताठ उभा राहायचा.

आधी आमच्याच बाजूने अडचण आली. एक पालक शाळेत येऊन म्हणाले, ‘टीचर, डफ ठीक है, वो जायज है. लेकिन शाळेत गिटार कायकू?’ मी त्यांना चहा पाजला, समजूत घातली, गिटार राहिली. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला होता.

मग रंगीत तालीम. आयोजकांपैकी एक गृहस्थ ऐकत उभे होते. गाणं संपल्यावर ते माझ्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाले, ‘बाई, मुलं गोड गातात हो. गिटारचं ठीक आहे. पण तो डफ कशाला? जरा कव्वालीसारखं होतंय. साधंच म्हणू द्या ना, उच्चार इतके छान आहेत.’ आमच्या पालकांना गिटार खटकली होती, डफ चालत होता. यांना गिटार चालत होती, डफ खटकत होता. मधे मी.

मी म्हणाले, ‘बरं.’

त्यांनी हुकूम दिला नव्हता, सुचवलं होतं. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर बहुधा तिथेच संपलं असतं. पण मी ‘बरं’ म्हटलं. पुढचं त्याहून वाईट आहे. बाहेर येऊन मुलांना मी सांगितलं, ‘नियमात डफ बसत नाही. हार्मोनियम, तबला आणि गिटार एवढंच चालतं.’ असा कोणताही नियम नव्हता. मी खोटं बोलले, आणि तेही शिक्षिकेच्या आवाजात, म्हणजे ज्या आवाजावर मुलं विचार न करता विश्वास ठेवतात त्या आवाजात. गिटारवाला थोडा कुरकुरला, मग त्याने चाल सावरून घेतली. डफवाल्याने डफ कापडात गुंडाळला. त्याला मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवायला उभं केलं.

आमचा तिसरा नंबर आला. बक्षीस देताना व्यासपीठावरून कौतुक झालं, ‘उर्दू शाळेची मुलं असूनही उच्चार किती स्वच्छ!’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ते प्रमाणपत्र शाळेच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे. हजेरीपट घ्यायला जाताना ते रोज समोर येतं.

आठ महिन्यांनी ‘दूस फ्रांस’ ऐकलं, त्याची गोष्ट वाचली, आणि मग त्या रात्री मला झोप आली नाही. ताहा यांनी जे केलं, नेमकं तेच माझी मुलं करत होती. त्यांना ते माहीत नव्हतं आणि त्यांच्यात तो उपरोधही नव्हता. देशाच्या, राज्याच्या लाडक्या गाण्यातला शब्दही न बदलता ती ते आपल्या घरच्या आवाजात म्हणत होती. आणि त्यातून घरचा आवाज कोणी काढून घेतला? त्या गृहस्थांनी नाही, मी. ल्योंच्या पोरांनी लहजा मुद्दाम ठेवला. मी आठ मुलांचा लहजा घासून घासून काढला, आणि उरला होता तो डफ, तोही काढला.

सगळ्यात लाज वाटली ती एका साध्या गोष्टीची. मी भाषा शिकवते. ‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शाइर’वरून आला, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. डफ हाही मूळचा अरबी-फारसीतला दफ. आणि महाराष्ट्राचा शाहीर डोळ्यांसमोर आणा. डोक्याला फेटा, आणि हातात काय? डफच. पोवाडा डफाशिवाय उभा राहत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख, जन्माचं नाव मेहबूब, संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गात फिरले. त्या गृहस्थांना मला एवढंच म्हणायचं होतं, ‘साहेब, डफ कव्वालीचा नाही, शाहिराचा आहे. आणि कव्वालीचा असता तरी काय बिघडलं असतं?’ दोन वाक्यं. वीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला ती दोन वाक्यं वेळेवर सुचली नाहीत.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ल्योंच्या पोरांची आणि आमची तुलना मला अर्धीच मान्य आहे. ताहा यांचे वडील समुद्र ओलांडून फ्रान्सला गेले होते. आम्ही कुठून आलो नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांची कबर याच तालुक्यात आहे, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद संत म्हणून मराठीत लिहीत होते त्याला चारशे वर्षं होत आली. स्वतःला स्थलांतरिताच्या जागी बसवलं तर आपल्याला ‘परके’ म्हणणाऱ्याचं म्हणणं आपणच कबूल केल्यासारखं होईल. ताहा यांना त्या गाण्यात शिरावं लागलं. आम्ही या गाण्यात पहिल्यापासून आहोत.

हे मला पटतं. तरीही 2019 चा डिसेंबर आठवला की ही खात्री थोडी डळमळते. नागरिकत्वाच्या नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली आणि आमच्या शाळेच्या ऑफिसात माणसं येऊ लागली. कोणी 1971 साली चौथीत शाळा सोडलेला, कोणी त्याआधीचा. सगळ्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. जनरल रजिस्टरची पिवळी पानं उलटताना क्लार्कचे हात काळे झाले. कोणाचं नाव एका कागदावर ‘शेख’ आणि दुसऱ्यावर ‘शेक’, कोणाची जन्मतारीख थेट 1 जून. एक म्हातारी फुफी दाखला हातात घेऊन मला म्हणाली, ‘बेटा, इसपे ठप्पा बराबर लगा है ना?’ त्या दिवशी मला त्या बँडचं नाव आठवलं. कार्त द सेजूर. परवाना. ज्यांची कबर इथे आहे त्यांच्या नातवंडांनीही तो कागद शोधायचा असतो, हे मला त्या रांगेने शिकवलं.

मग गाण्याने काय होतं, याचं मला सुचलेलं उत्तर असं. कागद सांगतो, तुम्हाला इथे राहायची परवानगी आहे. गाणं परवानगी मागतच नाही. ताहा यांनी ‘मला मधुर फ्रान्स गाऊ द्या’ असा अर्ज केला नव्हता. त्यांनी ते गायलं, आणि प्रश्न ऐकणाऱ्याच्या अंगावर आला. हे शब्द आम्ही शाळेत शिकवले, पाठ करून घेतले. आता ते याच्या तोंडून आले तर आम्हाला का टोचतं? गोड गाणं तेच, मग घशात अडकतं कुठे?

ते गाणं चेष्टेचं होतं की प्रेमाचं, यावर आजही वाद होऊ शकतो. मी ते किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. मला दोन्ही ऐकू येतं. राग आहेच. पण नुसती चेष्टा करायची असती तर इतकं जीव ओतून कोण गातं? पुढे बँड फुटला, ताहा एकटे गाऊ लागले. 1998 च्या ‘दिवान’ या संग्रहात त्यांनी आपल्या वडिलांच्या पिढीची जुनी अरबी गाणी नव्याने गायली. दहमान अल हर्राशी यांचं, परदेशी निघालेल्या माणसाला उद्देशून असलेलं ‘या रायह’ हे गाणं त्यांच्याच आवाजात जगभर गेलं. म्हणजे त्यांनी आधी देशाचं गाणं आपल्या लहजात गायलं, मग बापाचं गाणं देशाला ऐकवलं. दोन्ही आपलीच म्हणून. ते गेले 12 सप्टेंबर 2018 ला, साठ पूर्ण व्हायला आठवडाही उरला नव्हता. दफन सिगमध्ये झालं.

19 फेब्रुवारी 2023 पासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं. आता आमच्या शाळेतही ते म्हटलं जातं. मुलं सावधान उभी राहतात आणि ‘ळ’ नीट म्हणतात. त्याच वर्षी उन्हाळ्यात माझी स्कूटर बंद पडली. ढकलत एका गॅरेजवर नेली तर पान्हा हातात घेऊन तोच डफवाला उभा. आता मिसरूड फुटलेला, हात ग्रीसने माखलेले. त्याने मला स्टूल दिलं, चहा मागवला. तो प्लग काढत असताना मी त्याला सगळं सांगितलं. नियम नव्हता, मी खोटं बोलले होते, माझी चूक झाली, असं सगळं. पाच वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, तरी सांगताना अडखळले.

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, ‘मालूम था टीचर.’

‘कसं?’

‘नियम का कागज आपने मेरेकोच दिया था ना, झेरॉक्स करने कू. मैं पढ्या था. उसमें डफ का कुछ नहीं था.’

मला काही सुचेना. मग मी विचारलं, ‘मग तेव्हा बोलला का नाहीस?’

प्लग पुसता पुसता तो म्हणाला, ‘आप डरे वे दिखरे थे.’

पंधरा वर्षांच्या मुलाला दिसलं होतं, आणि त्याने मला सांभाळून घेतलं होतं. मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय. स्कूटर सुरू झाली. त्याने पैसे घेतले नाहीत, खूप आग्रह केला तेव्हा प्लगचे तेवढे घेतले. निघताना मी विचारलं, ‘डफ आहे का अजून?’ ‘है ना. चमडा ढीला हो गया, शेकना पडेगा,’ तो म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

येत्या जानेवारीत पुन्हा समूहगीत स्पर्धा आहे. राज्यगीत ठरलेल्या पद्धतीनेच म्हणायचं असतं, म्हणून या वेळी आम्ही एक पोवाडा घेतला आहे. गॅरेज बंद झाल्यावर तो मुलगा शनिवारी संध्याकाळी शाळेत येतो आणि सातवीच्या दोन मुलांना डफ शिकवतो. त्यातल्या एकाचा ‘ळ’ अजून ‘ल’च आहे. मी तो सुधारते, कारण ते माझं कामच आहे. पण नाही सुधारला तरी तो पहिल्या रांगेत उभा राहणार आहे.

नियमांचा कागद आला आहे. या वेळी मी तो स्वतः वाचला, दोनदा. वाद्यांबद्दल त्यात एकच ओळ आहे, की वाद्यं ज्याची त्याने आणावीत.